फुगणाऱ्या माशाचे गाऱ्हाणे

पाळीव प्राणी म्हटले की आपल्याकडे कुत्रा, मांजर, फार तर पोपट. मासे पाळणे ही दिवाणखान्याची शोभा समजली जाते. कुत्रा एक वेळ जेवला नाही तर घरभर चौकशी सुरू होते. मासा चार दिवस जेवला नाही तरी ‘पोट भरले असेल’ म्हणून विषय संपतो. त्यात माशांचा दोष नाही. त्यांना आवाज नाही, चेहऱ्यावर हावभाव नाहीत आणि शेपटी हलवणे हा तर त्यांचा पोहण्याचाच भाग. मग त्यांचे बरे-वाईट ओळखायचे कसे?

हा प्रश्न मला पडला तो सिकंदराबादला. दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय तिथे असल्यामुळे आपल्या भागातली किती तरी घरे नोकरीच्या निमित्ताने तिकडे स्थायिक झाली आहेत. सीताफळमंडीला राहणारी माझी मावसबहीण त्यांपैकीच एक. घरात मराठी, सासूबाईंशी कानडी, शेजाऱ्यांशी तेलुगू आणि भाजीवाल्याशी दखनी हिंदी असा तिचा कारभार. तिच्या सहावीतल्या मुलाने वाढदिवसाला हट्ट करून तीन ‘पी पफर’ आणले होते. वाटाण्याएवढे मासे, म्हणून घरात त्यांचे नाव पडले ‘बटाणी’.

पफर म्हणजे फुगणारा मासा. कोकण किनाऱ्यावरचे लोक त्याच्या समुद्रातल्या मोठ्या भावंडांना केंड म्हणतात आणि जाळी कुरतडतात म्हणून त्यांच्या नावाने बोटे मोडतात. सिकंदराबादच्या काचपेटीत होता तो मात्र गोड्या पाण्यातला, जेमतेम इंचभर लांबीचा, हिरवट-पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला मासा. तो परदेशी असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तो आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा. केरळातल्या आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमध्ये, संथ पाण्यात, दाट वनस्पतींच्या आडोशाने राहणारा. सुंदरलाल होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानावरून त्याचे नाव ‘त्रावणकोरिकस’ पडले. संस्थान गेले, नाव माशाकडे राहिले. आज ही जात धोक्यात असलेल्या जीवांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली आहे आणि शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी होणारी पकड हे त्याचे एक कारण आहे. दुकानातला पफर अनेकदा असा थेट नदीतून उचललेला असतो. त्याच्या पुढच्या वागण्याचा अर्थ लावताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मी गेलो तेव्हा तीनपैकी एक मासा आधीच गेला होता. उरलेल्या दोघांपैकी एक कोपऱ्यात दगडामागे दडून बसलेला, रंगाने करडा, पोट खपाटीला गेलेले. दुसरा संध्याकाळ झाली की एकाच काचेला तोंड लावून वर-खाली, वर-खाली फिरत राही. दहा मिनिटे झाली, अर्धा तास झाला, तरी थांबेना. पाहुणे म्हणत, ‘किती खेळकर आहे!’ अज्जी मात्र, म्हणजे मुलाची आजी, खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, ‘‘पाप, अदक्क ब्यासर आगेद.’’

आपल्या वाचकांना याचे भाषांतर करून सांगायला नको. पण कानडीतले ‘पाप’ आणि मराठीतले ‘पाप’ या दोन शब्दांमध्ये केवढे अंतर आहे आणि या प्रसंगात ते दोन्ही किती चपखल बसले, हे मला नंतर कळत गेले. ‘ब्यासर’ म्हणजे निव्वळ कंटाळा नव्हे. कंटाळा, उदासी आणि जीव न लागणे, या तिन्हींचे मिश्रण. मी मानसशास्त्र शिकवतो. वर्गात ‘ताण’ या विषयावर तासभर बोलून मी जे सांगतो, ते अज्जींनी एका शब्दात सांगितले होते.

ताण हा शब्द आपण आता परीक्षेपासून रहदारीपर्यंत कशालाही वापरतो. त्याच्यामागचा शास्त्रीय विचार मांडला हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये, आणि तोसुद्धा उंदरांवरच्या प्रयोगांतून. कारण कोणतेही असो, थंडी, इजा किंवा विषारी द्रव्य, शरीर ठरावीक टप्प्यांतून जाते. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणे, आणि कारण दूर झालेच नाही तर शेवटी थकून कोसळणे. माशांच्या शरीरातही ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल हे माणसांत असते तेच संप्रेरक वाढते. म्हणजे माशाला ताण येतो असे म्हणणे हा भावुकपणा नाही. पफरच्या बाबतीत तर तो डोळ्यांनी पाहता येतो, पाहणाऱ्याला अर्थ ठाऊक असला तर.

त्याचे फुगणेच घ्या. या माशाला बरगड्या नसतात. पोटाची त्वचा विलक्षण ताणली जाते. शत्रूने गाठले की तो भराभर पाणी गिळतो आणि गिळता न येणारा गोळा होऊन बसतो. हा त्याचा शेवटचा उपाय आहे. सीताफळमंडीच्या घरात मात्र त्याची करमणूक झाली होती. पाहुणे आले की मुलाने जाळीने माशाला डिवचायचे, मासा फुगायचा, सगळे टाळ्या वाजवायचे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये समुद्रातल्या एका लहान पफरवर केलेला अभ्यास मी त्याला समजावून सांगितला. फुगलेला मासा श्वास रोखून धरत नाही, उलट त्याचा प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या मानाने सुमारे पाचपट होतो, आणि एकदा फुगल्यानंतर शरीर पूर्ववत व्हायला सरासरी साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो. मुलगा हिशेबात हुशार. म्हणाला, ‘‘मामा, म्हणजे रविवारी तीनदा पाहुणे आले तर?’’ मी काही बोललो नाही. त्याने जाळी उचलून माळ्यावर टाकली.

याच ओघात एक सांगून ठेवतो. पफरला जाळीत धरून कधीही पाण्याबाहेर काढू नये. हवेत आला की तो पाण्याऐवजी हवा गिळतो आणि ती हवा पुष्कळदा त्याला बाहेर टाकता येत नाही. मग तो पोट वर करून तरंगत राहतो. हलवायचेच असेल तर पेला बुडवून पाण्यासकट उचलावा.

आता त्या वर-खाली फिरण्याकडे येऊ. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातला वाघ एकाच वाटेने येरझाऱ्या घालतो, ते आपण पाहिले आहे. त्यातलाच हा प्रकार. पण दिवसभर ठीक असलेला मासा संध्याकाळीच का बिघडतो? मुलाला मी एक जुनी वही दिली आणि चार दिवस नोंद करायला सांगितले: किती वाजता फिरायला लागला, तेव्हा घरात काय चालले होते, कोणत्या काचेशी होता. मुलांना असले काम फार आवडते. चौथ्या दिवशी वहीतून निघाले ते असे. फिरणे सुरू व्हायचे ते साधारण सात वाजता, टाकीतला दिवा लावून खोलीतला दिवा मालवला, की मग. आणि ते व्हायचे फक्त टीव्हीच्या बाजूच्या काचेशी. टाकीत उजेड आणि बाहेर अंधार, म्हणजे काचेचा आतून आरसा होतो. माशाला त्यात दुसरा पफर दिसत होता, जो कितीही धमकावले तरी मागे हटत नव्हता!

मला निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाची गोष्ट आठवली. हॉलंडमधल्या लायडेनच्या त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकीशी काचपेट्या होत्या. त्यांत स्टिकलबॅक जातीचे मासे. विणीच्या काळात या जातीच्या नराचे पोट लाल होते आणि लाल रंग दिसला की दुसरा नर चवताळतो. रस्त्यावरून टपालखात्याची लाल गाडी गेली की हे मासे खिडकीकडे धाव घेत. पुढे १९७३ मध्ये टिनबर्गन यांना नोबेल मिळाले. मासा विचित्र वागतो तेव्हा कारण टाकीच्या बाहेरही शोधायचे असते, एवढे त्यांच्या माशांनी शिकवून ठेवले आहे. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली थरथर टिपणारी एक संवेदनरेषा असते. सीताफळमंडीच्या त्या घराजवळून दिवसरात्र गाड्या जातात, पण त्यांचा आवाज ठरावीक आणि दूरचा. त्यापेक्षा टाकीच्या टेबलालाच टेकवलेला टीव्हीचा स्पीकर मला अधिक खटकला. तो हलवला. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला, दिवा मंद केला, खोलीतला दिवा आधी मालवायचा नाही असे ठरवले. बाजारातून पाणवनस्पतीच्या दोन जुड्या आणल्या. त्या आठवड्यातच येरझाऱ्या पुष्कळ कमी झाल्या.

पण करडा मासा तसाच. पफरचा रंग थोडाफार बदलणे यात नवल नाही. झोपेत, रागात, उजेडानुसार तो बदलतो. रात्री तळाशी शेपटी बाजूला मुडपून पडून राहणे हीदेखील त्याची झोपच, आजार नव्हे. पण दिवसाढवळ्या अंग काळपट, पंख अंगाला चिकटलेले, कल्ल्यांची उघडझाप भराभर आणि अन्नाकडे पाठ, असे सगळे एकदम दिसले तर मी आधी पाण्याकडे बोट दाखवीन.

आणि इथे आपल्या घरोघरच्या स्वच्छतेच्या कल्पना आड येतात. माझ्या बहिणीचे घर आरशासारखे लख्ख. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी, दगड-वाळू घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून, नवे पाणी. दुकानदाराने तसेच सांगितले होते. खरे म्हणजे त्या स्पंजात आणि वाळूतच माशाचा जीव असतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो कल्ले जाळतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचे पुढे कमी घातक असे नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरिन त्यांना मारते. म्हणजे दर रविवारी ती वस्ती उठवली जात होती आणि मासे सोमवारपासून स्वतःच्याच घाणीत गुदमरत होते. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसायचे! पफरच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसतात, त्यामुळे त्याला हे अधिकच बाधते.

अमोनिया तपासायचे थेंब दुकानात मिळतात. परीक्षानळीत पाणी पिवळे राहिले तर ठीक, हिरवट झाले तर अमोनिया आहे. आमचे चांगलेच हिरवे झाले. हैदराबाद-सिकंदराबादला आपल्या मांजरा नदीचे पाणी कित्येक वर्षे जाते, नंतर कृष्णेचे आणि गोदावरीचेही जाऊ लागले. ते क्लोरिन घालूनच येते. उन्हाळ्यात अनेक इमारतींत बोअरचे पाणी मिसळतात, ते जड. जड पाणी बहुधा अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात, त्यातही ते गरम असेल तर, तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून उपाय साधा पण रोजचा होता. दररोज टाकीतले थोडेसे पाणी काढायचे आणि बादलीत चोवीस तास उघडे ठेवलेले पाणी घालायचे. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. वाळूला हात लावायचा नाही. बहिणीला हे पटणे कठीण गेले. ‘‘दादा, शेवाळ दिसतं रे, लोक काय म्हणतील?’’ हा प्रश्न ती अजून विचारते.

खाण्याचे दुसरे प्रकरण. डब्यातले रंगीत दाणे पफर सहसा खात नाही. तो शिकारी आहे. त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. समोरचा घास तो आधी नीट निरखतो, मग झडप घालतो. चार दातांची मिळून झालेली चोच त्याला असते, ती आयुष्यभर वाढत राहते आणि शंखांचे कवच फोडताना झिजते. त्याला हवेत बारीक गोगलगायी, डासांच्या अळ्या, गोठवलेले ब्लडवर्म. गोगलगायी पाणवनस्पतींबरोबर आपोआप येतात, एका बाटलीत वेगळ्या वाढवता येतात. तळ्यातून किंवा शेतातल्या चरातून आणू नयेत, फवारणीचे औषध बरोबर येते. अळ्यांसाठी गच्चीवर पाणी साठवायचा बेत मुलाने केला होता, तो डेंगीच्या भीतीने त्याच्या वडिलांनी हाणून पाडला, आणि ते बरोबरच होते.

पहिली गोगलगाय टाकीत पडली तेव्हा फिरणाऱ्या माशाने तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि कट्कन आवाज करून तिला बाहेर खेचले. अज्जी खुर्चीतून उठून पाहायला आल्या. करड्याने मात्र तोंड लावले नाही. त्याचे एक कारण आम्हाला उशिरा दिसले. पोटावर गडद रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या असलेला, म्हणजे नर असलेला, दुसरा मासा त्याला दगडाबाहेर येऊच देत नव्हता. नदीत हे मासे मोकळे असतात, हरलेल्याला पळायला जागा असते. दहा-बारा लिटरच्या टाकीत पळणार कुठे? शेपटीचा पंख कुरतडलेला होता. वेगळ्या भांड्यात ठेवले, पाणी सुधारले, तिसऱ्या दिवशी त्याने दोन अळ्या खाल्ल्या. आठव्या दिवशी तो गेला. पकडलेल्या माशांच्या पोटात जंतही असतात, खात असूनही पोट खपाटीला जाते ते बहुधा त्यामुळे. याच्या बाबतीत काय होते ते सांगता यायचे नाही. मुलाने त्याला गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीत पुरले. दोन दिवस तो फारसे बोलला नाही. वही मात्र चालू ठेवली.

जपानमध्ये झालेले एक संशोधन मला या संदर्भात फार विचार करायला लावते. पफरचे विष, टेट्रोडोटॉक्सिन, प्रसिद्ध आहे. ते मासा स्वतः बनवत नाही, जिवाणूंकडून आणि खाण्यातून त्याच्या अंगात साठते. संवर्धन केंद्रात वाढवलेली पिल्ले त्यामुळे बिनविषारी असतात. संशोधकांनी अशा काही पिल्लांना विष असलेले खाद्य दिले, तेव्हा त्यांच्यात ताण कमी दिसला. बिनविषारी राहिलेली पिल्ले एकमेकांच्या शेपट्या अधिक चावत होती. विष हे त्यांच्यासाठी केवळ शस्त्र नसून मनःशांतीचेही साधन असावे, असा त्याचा अर्थ. अर्थात ती समुद्रातली जात, आणि काचपेटीसाठी हा काही उपाय नव्हे. पण आपण ज्याला ‘सुरक्षित घर’ म्हणतो ते माशाला तसे वाटत असेलच असे नाही. (पाळलेला पफर हाताळल्याने विषबाधा होत नाही, तो मांजराच्या किंवा लहान मुलाच्या तोंडात जाऊ नये, इतकी काळजी पुरे.)

कायद्याचे म्हणाल तर केंद्र सरकारने २०१७ मध्ये काचपेटीतल्या माशांसाठी नियम काढले होते. गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवायला त्यात मनाई होती. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि पुढे ते नियम मागे घेतले गेले. नियम अव्यवहार्य होते हे खरे, पण गोल भांड्याबद्दलचे कलम तरी टिकायला हवे होते असे माझे मत आहे. सल्ल्याची सोय मात्र आपल्या अंगणात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कर्नाटकचे पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ बिदरच्या नंदीनगरला आहे. मंगळूरचे १९६९ पासूनचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय त्याच्याच अखत्यारीत येते.

ज्यांच्या घरी पफर आहे त्यांनी उन्हाळ्याआधी एक तयारी करावी. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. त्यातच वीज गेली आणि फिल्टर थांबला की मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड मिटउघड करू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप फार महाग नसतो. मासा निरोगी असताना एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडतात ते मोजून लिहून ठेवावे. तो बिघडला की तुलनेला तोच आकडा उपयोगी पडतो. सीताफळमंडीच्या वहीत पहिल्या पानावर तो लाल शाईने लिहिलेला आहे.

आणि ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी हिरव्या ठिपक्यांच्या मोठ्या पफरच्या मोहात पडू नये. दुकानात तो गोड्या पाण्यात ठेवलेला दिसतो, पण तो खाडीकाठचा आहे, वाढेल तसे त्याला खारट पाणी लागते, त्यासाठी समुद्री मीठच हवे, स्वयंपाकघरातले चालत नाही, आणि तो वीतभर होतो. लहान पफर घ्यायचा तर एकच घ्यावा, त्याला निदान वीस लिटरची टाकी आणि भरपूर वनस्पती द्याव्यात. घेण्याआधी वरून पाहावे, पोट गोल आहे की आत गेलेले. दुकानदाराला त्याच्यासमोर एखादी अळी टाकायला सांगावी. मासा वळून तिच्याकडे पाहतो का, तेवढे थांबून बघावे.